टायरमधली हवा आणि वळणावरची मोटरसायकल

मित्रहो, मोटरसायकल वळणावर जड वाटू लागली किंवा सरळ रस्त्यावर डुलू लागली, की आपला संशय आधी शॉकअपवर नाहीतर हॅंडलच्या कोनसेटवर (म्हणजे हॅंडल फिरते त्या बेअरिंगवर) जातो आणि गॅरेजमध्ये तेच खोलले जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे, की पान्याला हात लावण्याआधी टायर थंड असताना त्यातल्या हवेचा दाब मोजावा. कारण गाडीच्या चालीतले बरेच दोष तिथेच सुरू होतात आणि तिथेच मिटतात.

चाकावरचा भार मुख्यतः आतली हवा पेलते, रबराचा वाटा त्यात लहान असतो. मागच्या चाकावर १५० किलो भार आणि आत दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब असेल, तर ढोबळ हिशेबाने रस्त्याला टेकणारा भाग ७५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढा भरतो. मागच्या चाकाचा ब्रेक, त्याची ओढ आणि वळणावरची पकड हे सारे तेवढ्याशा जागेतून रस्त्यापर्यंत पोचते.

दुचाकी वळते ती कलून. गोलाकार माथ्याचा टायर कललेला असताना पुढे सरकतो, तेव्हा त्या कलण्यामुळेच गाडीला वळणाच्या आत ढकलणारे बल निर्माण होते, आणि ते नीट मिळायचे तर टायरचा गोलावा शाबूत राहावा लागतो. पुढे हवा कमी असली तर टेकणारा भाग लांबतो, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आडवी लवते, हॅंडल जड होते. गाडी कलायला वेळ घेते आणि कलल्यावरही धरलेली रेषा सोडून बाहेर जाऊ पाहते. मागे हवा कमी असेल तर लांब वळणात पाठीमागचा भाग डुलतो, आणि डबलसीट असताना तर हे ताबडतोब जाणवते. उलट दाब फार झाला तर हॅंडल हलके वाटते खरे, पण टेकणारा भाग आकसतो आणि बारीकसारीक उंचवट्यांवरही चाक उसळते. ते जितका वेळ अधांतरी असते तितका वेळ त्याला ना ब्रेक लागतो ना वळता येते. पंपावर ‘दोन्हीकडे चाळीस मार’ असे सांगून निघून जाण्याची सवय मला म्हणूनच घातक वाटते.

योग्य आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो आणि बहुधा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेलाही असतो. रोजच्या वापरातल्या १०० सीसी गाड्यांसाठी पुढे २५ आणि मागे एकट्यासाठी २८ पौंड (म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, पीएसआय) असे आकडे साधारणपणे दिसतात. डबलसीटसाठीचा मागचा आकडा याहून बराच वर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा मात्र कमाल भार आणि त्यासाठीचा दाब दाखवतो, तो तुमच्या गाडीसाठी दिलेला सल्ला नसतो.

हे सारे आकडे थंड टायरचे असतात, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतरचे. ३० पौंडांच्या आसपास दाब असेल, तर तापमान १० अंशांनी वाढल्यावर तो सुमारे दीड पौंडाने वाढतो. म्हणून तासभर पळवलेल्या गाडीत आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर नेमका कमी दाबाचा मिळेल. घाटाचे गणितही याला धरूनच आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना बाहेरच्या हवेचा दाब दोन पौंडांहून थोडा अधिक घटतो, त्यामुळे गेज तेवढे जास्त दाखवू लागते. पण वर हवा थंड असल्याने त्यातला एखादा पौंड कमीही होतो. उरलेल्या फरकासाठी घाटमाथ्यावर हवा सोडण्याची गरज नसते.

पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे पुष्कळ आहेत, आणि ही समजूत मोडायलाच हवी. नासाने १९६३ मध्ये विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून दाखवले, की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३० पौंडांना हा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो आणि २० पौंडांना ७५. मोटरसायकलचा अरुंद, गोल टायर पाणी अधिक सहज बाजूला सारतो, तरी दिशा तीच राहते: हवा कमी केली, की टायर कमी वेगाला तरंगतो. शिवाय दबलेल्या टायरच्या खाचा मिटू लागतात आणि पाणी बाहेर काढण्याची त्यांची ताकद घटते.

शर्यतीत तर पौंडापौंडाचा हिशेब असतो. दुसऱ्या गाडीच्या मागोमाग धावताना पुढचा टायर तापतो, दाब चढतो आणि ब्रेकिंगमध्ये पुढचे चाक निसटू लागते. ते टाळण्यासाठी संघ कमी दाबाने सुरुवात करू पाहतात. म्हणूनच मोटोजीपी या मोटरसायकलच्या जागतिक शर्यतमालिकेत पुढच्या टायरला किमान दाबाचा नियम आहे आणि २०२४ पासून ती मर्यादा १.८ बार, म्हणजे सुमारे २६ पौंड आहे. २०२५ च्या कतार शर्यतीत मॅव्हेरिक व्हिन्यालेस या रायडरने दुसरा क्रमांक मिळवला होता, पण याच नियमाखाली १६ सेकंदांचा दंड होऊन तो चौदाव्या स्थानी गेला.

टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, असे लोक फार विचारतात. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. रोजच्या गाडीला वेळेवर मोजलेली साधी हवा पुरते.

ट्यूबवाल्या गाडीत एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून सरळ बाहेर आला आहे की तिरका झाला आहे, हे पाहा. कमी हवेत जोराचा ब्रेक लागला की टायर रिमवर थोडा सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. असे वारंवार घडले तर व्हॉल्व्ह मुळाशीच फाटतो आणि चालत्या गाडीत हवा एकदम निघून जाते. तिरका व्हॉल्व्ह दिसला तर नुसती हवा भरून निघू नका; आधी पंक्चरवाल्याकडून पूर्ण हवा काढून टायर आणि ट्यूब पुन्हा सरळ बसवून घ्या, आणि मगच पुस्तिकेतल्या आकड्याइतकी हवा भरा.