फाल्गुनातले ताडोबा

फाल्गुन लागला की ताडोबातल्या सागाची पाने झडतात आणि पावसाळ्यात चार पावलांपलीकडचे काही दिसू न देणारे रान दूरवर मोकळे होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या जंगलाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९८६ साली लगतचे अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज कोअर म्हणजे आतला गाभा आणि बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा धरून त्याचे क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे. मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून पहाटे आत शिरणाऱ्या बहुतेक जिप्सींना फक्त वाघ हवा असतो. त्यात गैर काही नाही. मात्र या दिवसांत जंगलातली बरीचशी वर्दळ फुललेल्या झाडांभोवती असते आणि ती पाहायची तर गाडीचे इंजिन बंद करून एका जागी थांबण्याची तयारी हवी.

काटेसावरीवर आता एकही पान नाही, नुसती तळहाताएवढी, जाड पाकळ्यांची लाल फुले आहेत. त्यांच्या तळाशी साचलेला मध पिण्यासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि हळद्या सकाळपासून झाडावर येत राहतात. दुर्बिणीतून पाहिले तर फुलातून नुकत्याच बाहेर निघालेल्या पक्ष्याच्या कपाळाला परागकण चिकटलेले दिसतात, आणि पुढच्या फुलापर्यंत ते असेच पोचतात. उन्हे वर आली की वानरांची टोळी येते. वानर खातात त्याहून अधिक खाली टाकतात, आणि हे चितळांना पक्के ठाऊक असल्यामुळे झाडाखाली थोड्याच वेळात कळप जमतो.

या शेजारात दोघांचाही फायदा आहे. उंचावरच्या वानराला लांबचे दिसते, तर चितळाचे नाक आणि कान तिखट असतात. त्यामुळे वाघ किंवा बिबट्या जवळ आल्याची खबर कुणा ना कुणाकडून निघतेच. गाईड मंडळी या इशाऱ्याला ‘कॉल’ म्हणतात. एखाद्या चितळाने एकदाच दिलेला कॉल जाणता गाईड फारसा मनावर घेत नाही. पण वानराचे खकारणे थांबेनासे झाले, कळपातल्या माना एकाच दिशेला वळल्या, एखादी मादी पुढचा पाय जमिनीवर आपटू लागली आणि त्यातच सांबर ओरडले, तर तो जिप्सी जागची हलू देत नाही.

फाल्गुन सरता सरता मोह गळायला लागतो. मोहाचे फूल लहान, फिकट पिवळसर आणि रसाने गच्च भरलेले असते. ते रात्री उशिरापासून सकाळपर्यंत टपटप खाली पडत राहते आणि त्याचा गोड, उग्र वास बराच दूर जातो. त्या वासाने अस्वल येते. अस्वलाची पिल्ले साधारणपणे हिवाळ्यात गुहेत जन्मतात आणि दोन-तीन महिन्यांची झाल्यावर आईबरोबर बाहेर पडतात, म्हणून पाठीवर पिल्ले घेऊन चाललेली मादी दिसण्याची शक्यता याच सुमारास असते. अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते आणि तो घुर्र आवाज अस्वल नजरेस पडण्याआधीच ऐकू येतो.

मोहाची वाट पाहणारी माणसेही आहेत. बफरमधल्या गावांत मोहफुलांवर घरखर्चाचा मोठा आधार असतो, आणि फुले वेचायला जायची वेळ नेमकी अस्वलाची आणि वाघाचीही असते. वाकून फुले वेचणारा माणूस वाघाला माणूस म्हणून चटकन ओळखू येत नाही; वन्यजीव आणि माणूस यांच्यातले काही जीवघेणे प्रसंग याच हंगामात घडतात. म्हणून उजाडल्यावर आणि गटाने जा, असे वनविभाग सांगत असतो. दुसरी अडचण वणव्याची. पडलेली फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची जुनी रीत आहे आणि वाळलेल्या रानात ती आग आवरत नाही. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. मग पाला जाळावा लागत नाही, फुलांना माती लागत नाही आणि स्वच्छ मोहाला बाजारात भावही बरा मिळतो.