घोड्याचा केस आणि मानेवरची चामखीळ

[दृश्य: उभा टांगा. घोड्याची हलती शेपटी.]

टांगेवाल्याकडे कुणी घोड्याच्या शेपटीचा केस मागितला, तर कशाला हवा हे तो विचारत नसे. घरात कुणाला तरी चामखीळ झालीय, हे त्याला न सांगता कळायचं. केस चामखिळीच्या बुडाशी घट्ट आवळायचा आणि वाट बघायची. काही दिवसांत ती काळी पडायची, वाळून गळून जायची.

हा उपाय अगदीच वेडगळ नव्हता. मानेवर, काखेत, जांघेत, पापणीवर लोंबणारी मऊ चामखीळ बारीकशा देठाला लटकलेली असते. त्या देठातूनच तिला रक्त मिळतं. देठ आवळला, की रक्त बंद. अर्थात, कधी कधी ती जागा चिघळून पू धरायची, हेही तितकंच खरं.

[दृश्य: बोटावरचा खरखरीत उंचवटा, अगदी जवळून.]

पंचाईत आहे ती शब्दाची. बोटावरच्या या खरखरीत, फुलकोबीसारख्या उंचवट्यालाही आपण चामखीळच म्हणतो. त्वचेचे डॉक्टर मानेवरच्या मऊ चामखिळीला ‘स्किन टॅग’ म्हणतात आणि हिला ‘वॉर्ट’. दोघींचं एकमेकींशी काही नातं नाही.

वॉर्ट होते विषाणूमुळे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस त्याचं नाव. त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. खरचटलेल्या जागेतून तो आत शिरतो. नखं कुरतडताना, दाढी करताना पसरतो. तिच्यात दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांना लोक ‘मूळ’ समजतात आणि सुईनं उकरत बसतात. त्या असतात रक्त गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या.

लहान मुलांच्या पुष्कळशा वॉर्ट वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात. गावोगावच्या उपायांची ख्याती बहुधा इथूनच आली असावी. ती जाण्याआधी जो शेवटचा उपाय केला, श्रेय त्याचं!

थांबायचं नसेल, तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड आहे. जागा कोमट पाण्यात भिजवायची, औषध लावायचं, आणि हे रोज, कित्येक आठवडे. नाहीतर दवाखान्यात द्रवरूप नायट्रोजननं ती गोठवतात. उणे 196 अंश सेल्सिअसचा तो थंडगार फवारा चांगलाच झोंबतो. मधुमेह असेल, तर पायाच्या वॉर्टवर घरी अ‍ॅसिड लावू नये.

[दृश्य: देवळीतली चुन्याची डबी. शेजारी बिब्बे.]

घोटाळा होतो तो इथे. वॉर्टचं औषध मानेवरच्या मऊ चामखिळीला लावलं जातं. नाहीतर चुना आणि सोडा, नाहीतर बिब्बा. बिब्ब्याचं तेल उतलं, की भोवतालची कातडी भाजते, फोड येतात. आपल्या सावळ्या कातडीवर तो काळा डाग मग महिनोन्महिने हलत नाही. डॉक्टरांकडे हेच काम जागा बधिर करून, कात्रीनं किंवा विजेच्या उपकरणानं, काही मिनिटांत होतं. काही त्रास नसेल, तर ती तशीच राहू दिली तरी चालते.

मात्र एखादा उंचवटा रंग बदलतोय, भराभर वाढतोय, आपोआप रक्त येतंय, तर त्याला केसही नको आणि चुनाही नको. डॉक्टर त्याचा तुकडा काढून तपासणीला पाठवतात.

[दृश्य: दवाखाना. मागून दिसणारी मान.]

ही मान बघा. घडीत काळपट, मखमलीसारखी जाड झालेली कातडी, आणि तिच्यावर पाच-सहा मऊ चामखिळी. गृहस्थ म्हणतात, मळ आहे, घासून जात नाही. हा मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं, की मानेवर पुष्कळदा असं दिसतं. चामखीळ काढायला आलेल्या या माणसाच्या हातात डॉक्टर आधी चिठ्ठी देतात ती रक्तातल्या साखरेच्या तपासणीची.