माल्व्हर्नच्या टेकड्या आणि एल्गरचे दोस्त

नमस्कार मंडळी. आज मला एका संगीतकाराबद्दल बोलायचंय, आणि त्याच्यापायी देशोदेशीहून येऊन शनिवार-रविवार एकत्र पायी भटकणाऱ्या माणसांबद्दल. संगीतकार म्हणजे एडवर्ड एल्गर. इंग्लंडचा, 1857 सालचा जन्म, गेला 1934 ला. नाव ऐकलं नसेल तरी त्याची एक धून तुमच्यापैकी कित्येकांच्या कानावर पडलेली आहे हे मी खात्रीने सांगते, कारण अमेरिकेत ज्यांची मुलं-नातवंडं शिकतायत त्यांनी ग्रॅज्युएशनच्या दिवशी पोरं काळे झगे घालून रांगेने येतात तेव्हा जो संथ भारदस्त मार्च वाजतो तो ऐकलेला असतोच, तो एल्गरचा. 1905 ला येल विद्यापीठाने त्याला मानद पदवी दिली तेव्हा तो वाजवला आणि मग हळूहळू सगळ्या अमेरिकेत पसरला.

पण खरा एल्गर त्या मार्चमध्ये नाहीये, असं माझं आपलं मत. खरा एल्गर भेटतो माल्व्हर्नला.

मी बर्मिंगहॅमला राहते, तिथनं ग्रेट माल्व्हर्नला सरळ ट्रेन आहे, साधारण तासाभराची. स्टेशनवर उतरलात की आधी खांब बघा, लोखंडी खांबांच्या डोक्यावर पानाफुलांचे गुच्छ कोरल्यासारखे आहेत आणि रंगवलेले आहेत, इतकं देखणं छोटं स्टेशन मी दुसरं पाहिलं नाही. आणि स्टेशनाबाहेर आलं की समोर टेकड्यांची रांग, उत्तर-दक्षिण, साधारण 13 किलोमीटर लांब. सगळ्यात उंच माथा वुस्टरशर बीकन, 425 मीटर. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण आजूबाजूला सगळं सपाट असल्यामुळे वर गेलं की एका बाजूला सेव्हर्न नदीचं मैदान आणि दुसऱ्या बाजूला थेट वेल्सचे डोंगर दिसतात. आणि दगड इतका जुना की विचारू नका, जवळजवळ 68 कोटी वर्षांचा.

तर शनिवारी सकाळी या स्टेशनवर आमचा ग्रुप जमतो. जपानहून आलेले एक निवृत्त मास्तर होते, नेदरलँड्सच्या दोघी बहिणी, जर्मनीच्या एक बाई ज्या हौशी ऑर्केस्ट्रात चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, वाजवतात, एक अमेरिकन जोडपं, थोडे इथलेच इंग्लिश आणि वेल्श लोक, आणि मी. एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी येते, पण कोणी एल्गरच्या एखाद्या धुनेची नुसती पहिली दोन मापं, म्हणजे ठेक्याची आवर्तनं, गुणगुणली की चेहरे खुलतात! स्टेशनवर आम्ही पाच मिनिटं अशीच घालवली, कोणाला एल्गर कसा भेटला ते सांगत. जपानी काकांनी तरुणपणी जॅकलिन द्यू प्रे या चेलोवादक बाईची, एल्गरच्या चेलो कॉन्चेर्तोची (म्हणजे एक चेलो आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना) 1965 ची रेकॉर्ड ऐकली आणि तेव्हापासून ते यात अडकले. त्या रेकॉर्डने जगभरातले किती लोक एल्गरकडे ओढले गेले असतील, आमच्यातल्याच निम्म्यांचं उत्तर तेच होतं.

आता वाटेचं सांगते. गावातून पायऱ्या चढून सेंट अ‍ॅन्स वेल, तिथे झऱ्याचं पाणी आहे, माल्व्हर्न गाव या पाण्यासाठीच प्रसिद्ध झालं. तिथनं चढ सुरू होतो, बीकनच्या माथ्यापर्यंत. दम लागतो, बोलणं थांबतं, हे बरंच होतं. माथ्यावर एक गोल चबुतरा आहे, वर धातूची तबकडी, कुठल्या दिशेला कुठला डोंगर नि कुठलं गाव ते दाखवणारी. 1897 ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यकारभाराला साठ वर्षं झाली म्हणून बसवलेली. बहुतेक लोक तिच्यावर हात टेकवून फोटो काढतात आणि पुढे जातात. पण ही तबकडी ज्याने डिझाइन केली तो आर्किटेक्ट आर्थर ट्रॉइट ग्रिफिथ, एल्गरचा जिवलग दोस्त, आणि तो एल्गरच्या संगीतात आहे.

इथे जरा थांबून ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’बद्दल सांगायला हवं. 1899 ची ही रचना, एक मूळ धून आणि तिची चौदा रूपं, प्रत्येक रूप म्हणजे एल्गरच्या ओळखीचं एक माणूस. पहिलं बायकोचं, शेवटचं स्वतःचं, मधे सगळे दोस्त. सातवा हा ट्रॉइट. ऐकाल तर नुसती धडाधड, ड्रम, पळापळ. एल्गर त्याला पियानो शिकवायचा प्रयत्न करायचा आणि ते काही जमायचं नाही, त्याची गंमत आहे त्यात, आणि असंही सांगतात की हे दोघं फिरायला गेले असताना वादळी पावसात सापडले आणि धावत जाऊन नॉर्बरी नावाच्या ओळखीच्या घरात आसरा घेतला, आणि लगेच पुढचं आठवं व्हेरिएशन आहे ते त्या नॉर्बरी घरातल्या विनिफ्रेडचं, एकदम शांत, घरात शिरून कोरडं झाल्यावर वाटतं तसं. म्हणजे बघा, सातव्यातून आठव्यात जाणं ही भर पावसातली भटकंतीच आहे, सुरांत उतरलेली! माथ्यावर वारा इतका होता की मोठ्याने बोलावं लागत होतं, आमच्या वेल्श गाइडने तिथे उभं राहून ओरडून हे सगळं सांगितलं आणि डच बहिणींपैकी धाकटी एकदम म्हणाली की मी हे लहानपणापासून ऐकतेय पण मला पाऊस आज ऐकू आला.

मला जे सांगायचंय ते हेच. या माणसाचं संगीत चालण्यातून आणि दोस्तीतून आलंय. ते बसून ऐकलं तर सुंदरच आहे, पण ओळखी-अनोळखी माणसांबरोबर त्याच वाटेने चालून मग ऐकलं तर ते दुसरं काहीतरी होतं. आपल्याकडे वारीत चालणाऱ्या माणसाला अभंगाची लय पायांतून कळते ना, तसंच काहीसं.

आणि परदेशी लोक इथे येऊन काय करतात हा प्रश्न मला काही इंग्लिश ओळखीच्यांनीच विचारलाय, म्हणजे एल्गर तर आमचा, अगदी मातीतला इंग्लिश, यांना त्यातलं काय कळणार. मला हे अजिबात पटत नाही. कारण एल्गर स्वतः कोण होता? इथल्याच जवळच्या वुस्टर शहरात हाय स्ट्रीटवर वाद्यांचं आणि स्वरलिपीच्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्याचा मुलगा, कुठल्या संगीत महाविद्यालयात शिकला नाही, व्हायोलिनच्या शिकवण्या करत दिवस काढले, वर प्रॉटेस्टंट देशात कॅथलिक. त्याचे कान तयार झाले ते परदेशी संगीतावर. 1884 ला चेक संगीतकार ड्व्होरझाक वुस्टरला आला आणि कॅथेड्रलमध्ये स्वतःच्या रचना त्याने कंडक्ट केल्या, तेव्हा व्हायोलिन वाजवणाऱ्यांत सत्तावीस वर्षांचा एल्गर होता. पुढे जर्मन संगीतकार वाग्नर ऐकायला तो बायकोबरोबर त्याच्या गावी, जर्मनीत बायरॉइटला गेला, म्हणजे आम्ही आज जे करतोय तेच, आवडत्या संगीतकाराच्या गावाला जाणं! आणि 1890 च्या दशकात दोघं सुट्टीला दक्षिण जर्मनीत, बव्हेरियात जायचे, गार्मिशच्या बाजूला, डोंगरातून भरपूर चालायचे, तिथले नाच-गाणी बघायचे, आणि मग बायकोने शब्द लिहिले, त्याने चाली दिल्या, सहा गाण्यांचा संच झाला, प्रत्येक गाण्याखाली तिथल्या एका जागेचं नाव. हे मी चालताना जर्मन बाईंना सांगत होते, त्या हसल्या आणि त्यांनी मला त्यातलं अंगाईगीत म्हणून दाखवलं, त्यांच्या कॉयरने, म्हणजे गायकवृंदाने, ते केलं होतं.

आणि ती बायको, अ‍ॅलिस, तिचा जन्म कुठला माहितीये? भुजचा. आपल्या कच्छमधलं भुज, 1848 साल. वडील मुंबई इलाख्याच्या फौजेत अधिकारी होते, पुढे मेजर-जनरल झाले. अशा घरातली मुलगी एका दुकानदाराच्या मुलाकडे पियानोची साथ शिकायला गेली, त्याच्याच प्रेमात पडली, घरच्यांना ते मुळीच आवडलं नाही, तरी 1889 ला लग्न केलं. कागद महाग म्हणून साध्या कागदावर स्वरलिपीच्या रेघा ती स्वतः मारून द्यायची. माझ्या मते ती नसती तर एल्गर शिकवण्याच करत राहिला असता.

बीकनवरून दक्षिणेला धारेधारेने चालायचं. डावीकडे मैदान, उजवीकडे हेरफर्डशरच्या बागा, पायाखाली आखूड गवत, मेंढ्या. पुढे एक मागे एक असं न जाता इथे दोघं-दोघं शेजारी चालता येतं, आणि शेजारी चालणाऱ्याशी माणूस फार मोकळं बोलतो, समोर बघायचं असतं, डोळ्यांत बघायचं नसतं म्हणून असेल. दर अर्ध्या तासाला जोड्या आपोआप बदलतात.

याच पट्ट्यात अमेरिकन गृहस्थांनी मला ‘क्राउन ऑफ इंडिया’बद्दल विचारलं, भारतीय म्हणून तुला काय वाटतं. 1911 च्या दिल्ली दरबाराचा उत्सव म्हणून 1912 ला लंडनच्या कोलिझियम थिएटरात हा खेळ झाला, संगीत एल्गरचं. त्यात आपली शहरं पात्रं होऊन येतात आणि राजधानी कोण व्हावी म्हणून दिल्ली आणि कलकत्ता वाद घालतात, निकाल अर्थातच राजाच्या हातात. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे मला दुखतं. ज्या माणसाने मैत्रीवर इतकं खरं संगीत लिहिलं त्याने हेही लिहिलं, ते झाकायचं नाही. पण सात वर्षांनी त्याच माणसाने चेलो कॉन्चेर्तो लिहिला, महायुद्ध संपल्यावर, 1919 ला, आणि त्यात कुठला झेंडा नाही की राजा नाही, नुसता एक वाकलेला एकटा आवाज आहे. मी त्यासाठी येते. मरणाच्या आधी त्याने एका दोस्ताला सांगितलं होतं म्हणे, की मी गेल्यावर माल्व्हर्नच्या टेकड्यांवर या कॉन्चेर्तोची धून कोणी शीळ घालून वाजवताना ऐकलंस तर घाबरू नकोस, मीच असेन. जपानी काका पुढे चालत होते ते थांबले आणि त्यांनी खरंच ती शीळ घातली, सुरुवातीची ती हळूहळू खाली-वर झुलणारी चाल. कोणीच हसलं नाही, मागून दोन-तीन जणांनी सूर मिळवला.

दुपारी ब्रिटिश कॅम्प. लोहयुगातला किल्ला आहे हा, दगडी तट नाहीत, सगळी टेकडी पायऱ्यापायऱ्यांनी खणून मातीचे बांध केलेत, दोन हजार वर्षांहून जास्त काळ टिकलेत. एल्गरच्या आईने या टेकडीकडे बोट दाखवून त्याला म्हटलं होतं की यावर काहीतरी लिही की, आणि त्यातून 1898 ला ‘कॅरॅक्टॅकस’ ही गायक आणि ऑर्केस्ट्राची रचना आली, रोमनांशी लढलेल्या राजाची. पायथ्याशीच एक घर आहे, तिथे स्वीडनची जगप्रसिद्ध गायिका जेनी लिंड शेवटची वर्षं राहिली, म्हणजे परदेशातून येऊन या टेकड्यांच्या प्रेमात पडणं ही काही आमच्यापासून सुरू झालेली गोष्ट नाही.

तिथनं थोडं खाली उतरलं की लिटल माल्व्हर्नचं सेंट वुल्स्टन चर्च. उतारावर एल्गर, अ‍ॅलिस आणि त्यांची मुलगी कॅरिस यांची थडगी. साधी आहेत. तिथे उभं राहून आम्ही ‘निमरॉड’ ऐकलं, छोट्या स्पीकरवर, आवाज अगदी कमी ठेवून. हे नववं व्हेरिएशन, इंग्लंडमध्ये युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला वाजतं म्हणून सगळे त्याला शोकसंगीत समजतात, आणि ते तसं नाहीये! तो आहे ऑगस्ट येगर, ड्युसेलडॉर्फहून इंग्लंडला आलेला जर्मन, संगीत छापणाऱ्या नोव्हेलो कंपनीत नोकरीला. एल्गर खचला होता तेव्हा उन्हाळ्यातल्या एका लांब संध्याकाळी येगर त्याच्याशी बीथोव्हेनबद्दल बोलत राहिला, त्या बोलण्याचं हे संगीत आहे. म्हणजे इंग्लंडला आज सगळ्यात आपली वाटणारी धून एका परदेशी मित्राचं चित्र आहे. आणि 1900 ला बर्मिंगहॅमला ‘ड्रीम ऑफ गेरॉन्टियस’ हे एल्गरचं गायकवृंद आणि ऑर्केस्ट्राचं मोठं काम कॉयरची तयारी नसल्यामुळे फसलं, तेव्हा ते उचलून धरलं ते पण जर्मनीनेच, ड्युसेलडॉर्फला 1901 आणि 1902 ला प्रयोग झाले आणि दुसऱ्या वेळी जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसने भर मेजवानीत एल्गरच्या नावाने प्याला उंचावला. माझ्या त्या इंग्लिश ओळखीच्यांना माझं उत्तर हे आहे.

रविवार मी पटकन सांगते. ट्रेनने हेरफर्ड, अर्धा तास. एल्गर इथे 1904 ते 1911 राहिला. कॅथेड्रलच्या आवारात त्याचा सायकलला टेकून उभा असलेला पुतळा आहे, सायकलचं त्याला वेड होतं. मग वाय नदीच्या काठाने चालायचं आणि चालताना अकरावं व्हेरिएशन आठवायचं, कॅथेड्रलचे ऑर्गनवादक सिंक्लेअर यांच्या नावाचं, पण खरं म्हणजे त्यांच्या डॅन नावाच्या बुलडॉगचं. डॅन काठावरून गडगडत नदीत पडतो, प्रवाहाविरुद्ध पोहतो, वर येतो आणि भुंकतो, सगळं पाच मापांत! डच बहिणींनी तिथे काठावर फोन काढून ते लावलं आणि तेवढ्यात पलीकडून एक कुत्रा खरंच भुंकला, मग काय, ते आम्ही परत परत लावलं.

तुम्हाला जायचं असेल तर दोन-चार गोष्टी. नकाशा घ्या, ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर 190, मोबाइलवर विसंबू नका. बूट घोट्याला धरणारे, पाऊसकोट उन्हाळ्यातसुद्धा. डबा बरोबर ठेवा, धारेवर काही मिळत नाही. वाटेतली फाटकं उघडलीत तर आठवणीने लावा, मेंढ्या असतात. उन्हाळ्यात आलात तर थ्री कॉयर्स फेस्टिव्हल हा संगीत महोत्सव बघा, वुस्टर, हेरफर्ड आणि ग्लॉस्टर अशा तीन कॅथेड्रलांत आळीपाळीने दरवर्षी होतो. वेळ उरला तर लोअर ब्रॉडहीथला एल्गर जन्मला ते छोटं विटांचं घर बघता येतं. आणि यायच्या आधी आठवडाभर एनिग्मा ऐका, अर्ध्या तासाचं आहे, कोणता नंबर कोणाचा हे पाठ करायची गरज नाही, ते चालताना कोणीतरी सांगतंच. नमस्कार.