केसपेपरवरची पहिली ओळ

नमस्कार श्रोतेहो.

माझ्यासमोर एका केसपेपरची झेरॉक्स आहे. घडी पडून पडून मधोमध फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. वर रुग्णाचं वय, 35. त्याखाली वेळ, रात्री पावणेनऊ. आणि त्याखाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एक ओळ. ती इंग्रजीत आहे. अर्थ एवढाच, की रुग्ण मोटारसायकलवरून घसरून पडला.

ही ओळ खरी नव्हती, आणि तिच्यापायी एका कष्टकरी माणसाला तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मी वकील आहे. मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे, म्हणजे लोक ज्याला ‘क्लेमचं कोर्ट’ म्हणतात तिथे, बावीस वर्षं काम करते. आज तुमच्याशी बोलायचं ठरवलं ते या एका ओळीमुळे.

हा माणूस गवंडी. 2022 च्या पावसाळ्यात संध्याकाळी कामावरून घरी निघाला होता. मागून आलेल्या कारची धडक बसली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. कारवाला थांबला, चांगलं बोलला. दहा हजार रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, “दवाखान्याचं मी बघतो, पोलिसात कशाला जायचं?” दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? गवंडी कण्हत होता, उत्तर त्याच्या मेहुण्यानं दिलं. नंतर माझ्या ऑफिसात खाली मान घालून तो म्हणाला, “मॅडम, पोलिसांची कटकट नको म्हणून मी म्हणलं, गाडीवरनं घसरला.” डॉक्टरांनी ऐकलं ते लिहिलं.

तिसऱ्या दिवशी कळलं की मनगटात प्लेट बसवावी लागणार, एक लाख चाळीस हजार खर्च. कारवाल्याचा फोन बंद. नवव्या दिवशी फिर्याद दाखल झाली. पुढे दाव्यात विमा कंपनीच्या वकिलांनी हाच केसपेपर न्यायाधीशांपुढे ठेवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हा स्वतः पडला, कार नंतर गोवली. मी त्यांना दोष देत नाही. नंतर गाडी गोवून केलेले खोटे दावेही असतात आणि कंपनीनं तपासायलाच हवं. पण खरा जखमी माणूस त्याच चाळणीत अडकतो.

श्रोतेहो, अपघाताचा दावा पहिल्या आठवड्यात उभा राहतो किंवा तिथेच कोसळतो. तुम्ही वेदनेत असता, घरचे पैशांच्या मागे धावत असतात, आणि नेमके तेव्हाच कागद तयार होत असतात. म्हणून ऐकता ऐकता काही गोष्टी लिहून घ्या.

पहिली गोष्ट, 108 ला फोन करा, 112 लाही करा. दवाखान्यात ‘काय झालं’ असं विचारलं की जे झालं तेच सांगा. कारनं धडक दिली, मागून दिली, अमुक रस्त्यावर दिली. डॉक्टर एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना कळवतात, त्याला घाबरू नका. पोलीस केस झाली की मेडिक्लेम, म्हणजे आपला आरोग्य विमा, पास होणार नाही अशी एक समजूत लोकांमध्ये आहे आणि तिच्यापायीही खोटं सांगितलं जातं. मेडिक्लेम वेगळा, हा दावा वेगळा. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सांगितलं, की मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून अपघाताच्या भरपाईतला दवाखान्याचा खर्च कापता येणार नाही. मेडिक्लेमचा हप्ता तुम्ही स्वतःच्या खिशातून भरलेला असतो.

आणि उपचाराच्या पैशांसाठी गप्प बसायचंही आता कारण नाही. मे 2025 पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. मोटार वाहनामुळे रस्त्यावर जखमी झालेल्या कुणालाही, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मिळतात. रुग्णालय योजनेत नसेल, तर रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार तिथे होतात. माझ्या गवंड्याच्या वेळी ही योजना नव्हती. असती तर त्या दहा हजारांचा मोह कदाचित झाला नसता.

आता त्या दहा हजारांबद्दल. जागेवर मिटवामिटवी करू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. आतली जखम त्या क्षणी कुणालाच कळत नाही. शिवाय ज्याच्याशी तुम्ही घासाघीस करता, त्याच्या खिशातून पैसे यायचेच नसतात. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे. दुसऱ्याच्या गाडीनं तुम्हाला इजा झाली, तर भरपाई त्या गाडीची विमा कंपनी देते. वस्तूंच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे, पण माणसाच्या जखमेला आणि मृत्यूला मर्यादा नाही. चालकाकडे लायसन नव्हतं, असं कळलं की लोक हाय खातात. बऱ्याच प्रकरणांत प्राधिकरण कंपनीला सांगतं, आधी जखमीला पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा.

फिर्याद झाली की पोलिसांवरही कामं येतात. 2022 च्या नियमांप्रमाणे त्यांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत. हा अहवालच दावा म्हणून धरावा, असं कायदा म्हणतो. पण तेवढ्यावर विसंबू नका. ठाण्यात जाऊन अहवाल गेला का ते विचारा. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा आणि तुमचा जबाब यांच्या प्रती मागून घ्या. जबाबावर सही करण्याआधी तो वाचा. वाचता येत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

मुदत मात्र पक्की ध्यानात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून दावा करायला सहा महिने दिलेले आहेत, अपघाताच्या दिवसापासून. त्याआधी कितीतरी वर्षं अशी मुदतच नव्हती, त्यामुळे ‘बघू, पाय बरा झाला की करू’ असं लोक अजूनही म्हणतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर तुम्ही राहू नका. प्लास्टर निघायची वाट पाहू नका. दावा आधी दाखल होतो, अपंगत्वाचा दाखला नंतरही जोडता येतो. आणि अपघात झाला तिथेच जावं लागतं असंही नाही. तुम्ही राहता किंवा काम करता, त्या भागातल्या प्राधिकरणाकडेही दावा करता येतो. पुण्याला कामाला असलेल्या माणसाचा अपघात नागपूरच्या रस्त्यावर झाला, तर दावा पुण्यात चालू शकतो.

आता भरपाई कशी मोजतात ते सांगते, कारण इथेच लोकांना सगळ्यात कमी माहिती असते आणि इथेच ते थोडक्यात राजी होतात. गवंड्याचंच उदाहरण घेऊ. पगाराची पावती कुठून आणणार? पण ठेकेदाराची हजेरीवही होती. तीवरून महिना 15 हजार उत्पन्न धरलं गेलं. वय चाळिशीच्या आत, स्वतःच्या हातावर पोट. अशा माणसाचं उत्पन्न पुढे वाढलं असतं, म्हणून 40 टक्के वाढवतात. झाले 21 हजार. वर्षाचे 2 लाख 52 हजार. मग वयानुसार एक आकडा असतो, त्याला मल्टिप्लायर म्हणतात. 31 ते 35 वयाला तो 16 आहे. गुणाकार आला 40 लाख 32 हजार. हे झालं शंभर टक्के कमाई बुडाली तर.

सरकारी डॉक्टरांच्या दाखल्यात मनगटाचं अपंगत्व होतं 30 टक्के. कंपनी म्हणाली, मग 30 टक्केच धरा, म्हणजे 12 लाख 9 हजार 600. पण सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच स्पष्ट केलंय, की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनगट 30 टक्के गेलं तर टेबलावर बसून लिहिणाऱ्याचं एक नुकसान, आणि थापी धरणाऱ्याचं दुसरं. म्हणून साक्षीच्या दिवशी मी त्याला थापी घेऊन यायला सांगितलं. विचारलं, ही कशी धरता ते साहेबांना दाखवा. त्यानं मूठ वळली, थापी उचलली. प्लास्टर मारताना मनगट जसं फिरतं तसं फिरवायला गेला आणि थापी फरशीवर पडली. कोर्टात खणकन आवाज झाला. तो खाली वाकून डाव्या हातानं ती उचलत राहिला. प्राधिकरणानं कमाईचं नुकसान 60 टक्के धरलं. 24 लाख 19 हजार 200. औषधोपचार, वेदना आणि बुडालेले दिवस त्याहून वेगळे.

घरकाम करणाऱ्या बाईच्या कामालाही किंमत धरतात बरं का. ‘मी काही कमवत नाही’ असं म्हणून दावा सोडणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्यात, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. स्वयंपाक, मुलं, गोठा, शेत, हे सगळं मोजलं जातं.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तरी हात रिकामे राहत नाहीत. मृत्यू झाला तर 2 लाख आणि गंभीर जखम असेल तर 50 हजार मिळतात. त्यासाठी अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. चूक कुणाची हे न पाहता मिळणारी एक वाटही कायद्यात आहे. गंभीर जखमेला अडीच लाख, मृत्यूला 5 लाख. मोठी जखम असेल तर मात्र ही वाट घेण्याआधी वकिलाशी बोला, कारण वर सांगितलेल्या हिशोबानं त्याच्या कितीतरी पट रक्कम होऊ शकते.

चूक तुमचीच असेल, तुमचीच गाडी दुभाजकावर गेली असेल, तर थर्ड पार्टी विमा तुमच्या कामाचा नाही. तिथे कामी येतो मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तो मृत्यूला आणि कायमच्या मोठ्या अपंगत्वाला मिळतो. जुळून येणाऱ्या हाडाला मिळत नाही. दुचाकीवर मागे बसणाऱ्यांसाठीही सांगते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर त्याच दुचाकीच्या विम्यातून मागे बसलेल्याला भरपाई मिळत नाही. समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या कंपनीकडून मिळते. आज घरी गेलात की आपली पॉलिसी काढून बघा, पॅकेज, म्हणजे थर्ड पार्टीसोबत आपल्या गाडीचंही संरक्षण असलेली, आहे की नुसती थर्ड पार्टी.

एक गोष्ट माझ्याच व्यवसायाबद्दल, आणि ती सांगताना वाईट वाटतं. दवाखान्याच्या खाटेपाशी काही माणसं येतात. ‘क्लेम करून देतो, एक पैसा नको, मिळेल त्यातले अमुक टक्के द्या’ म्हणतात, आणि कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या कागदांवर सह्या घेतात. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका, मग समोर कुणीही असो.

आता गवंड्याच्या केसपेपरवरची ती ओळ कशी पुसली गेली, ते. खरं तर ती पुसता आलीच नाही, ती आजही तशीच आहे. फिर्याद उशिरा झाली एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सांगितलेलं आहे. पण उशिराचं कारण पटावं लागतं. आम्ही 108 च्या रुग्णवाहिकेची नोंद मागवली. फोन आला तेव्हा ‘कारची धडक’ असं त्यात लिहिलेलं होतं. फोन केला होता कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं. गाडीचा नंबर त्यानं उधारीच्या वहीत टिपून ठेवला होता. दोनदा दुकान बंद ठेवून तो साक्षीला आला. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना जबरदस्तीनं अडकवू शकत नाहीत, नाव सांगायचीही सक्ती करू शकत नाहीत, अशी कायद्यात तरतूद आहे. याला ती माहीतही नव्हती. तो आपणहून आला. त्या वहीचं पान प्राधिकरणाच्या फाइलमध्ये आहे. वर सहा चहा, दोन क्रीमरोल, आणि त्याखाली गाडीचा नंबर.

तुमच्या घरात कुणी अपघातात जखमी झालं असेल आणि वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन नंबर आहे 15100. पुन्हा सांगते, 15100. जाताना फिर्यादीची प्रत, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधांची बिलं सोबत न्या. बऱ्याच बिलांची शाई हळूहळू उडते, म्हणून त्यांच्या झेरॉक्स आजच काढा, आणि मूळ कागद एका पिशवीत कोरड्या जागी ठेवा.

नमस्कार.