आधी लिंक सोडा

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. मला चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली दहा सत्कारात गेली, त्यामुळे ही शाल परत घ्या आणि माझी दहा मिनिटं परत द्या. (हशा) नाही देणार, ठीक आहे.

विषय पत्रिकेवर छापलाय तोच, ओबीएमचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनचं, स्टिअरिंग जड का होतं. समोर बसलेल्यातल्या निम्म्या लोकांना हा त्रास आहे हे मला माहितीय, कारण पावसाळा संपला की मला फोन येतात. जूनमध्ये बोट काठावर ओढली, ताडपत्री टाकली, नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, मग आठवण आली की अरे आपल्याकडे बोट आहे, आणि चाक फिरवायला गेलो तर दोन माणसं लागली. मग पहिलं वाक्य ठरलेलं, "इंजिन गेलं वाटतं." पुढे भाऊ सांगतो केबल गेली, शेजारी सांगतो ग्रीस मार.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रीस मारू नका, केबल बदलू नका, आधी लिंक सोडा, म्हणजे स्टिअरिंगचा रॉड इंजिनला जोडणारी दांडी सोडवा. मी हे वीस वर्षं सांगतोय, घरी सांगतो, लग्नात सांगतो, बाराव्याला सांगितलंय. चाकापासून इंजिनपर्यंत चार जणांचं एकत्र कुटुंब आहे. चाकामागचा हेल्म, म्हणजे चाक फिरलं की केबल ढकलणारी-ओढणारी यंत्रणा, मग केबल, मग केबलचा रॉड ज्या नळीतून जातो ती टिल्ट ट्यूब, आणि शेवटी इंजिन ज्या खांबावर डावी-उजवीकडे वळतं तो. रुसलेला असतो एकच, पण सगळे एकत्र जेवायला बसलेत तोपर्यंत कोण रुसलंय ते कळत नाही, एकेकाला गच्चीवर नेऊनच विचारावं लागतं.

आता हे शहाणपण मला कुठून आलं ते सांगतो. पाच मिनिटात सांगतो.

आपल्या ठाणे खाडीतली गोष्ट. माझी तेव्हा छोटी फायबरची बोट, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि बायकोच्या माहेरची माणसं आलेली, सासरेबुवांना रोहित बघायचे होते. आपण रोहित म्हणतो, सासरे पुण्याचे म्हणून फ्लेमिंगो म्हणतात. (हशा) हे पक्षी चिखल उघडा पडला की चरायला उतरतात, म्हणजे माणसाला बघायचे असतील तर पाणी उतरायला लागल्यावर, आणि बोटीला परत यायचं असेल तर पाणी पुरतं उतरायच्या आत, एवढाच वेळ. बरं, सकाळपासून चाक जडच होतं. माझा हट्ट की ग्रीस कमी झालंय. तर ऐरोली पुलाच्या पुढे बोट थांबवली, पक्षी समोर, सगळ्यांचे मोबाइल वर, आणि मी मागे जाऊन पेटीतून ग्रीस गन काढली. इंजिन एका बाजूला पूर्ण वळलेलं, रॉड नळीतून सगळा बाहेर आलेला. मी निप्पलला, म्हणजे नळीवरच्या ग्रीस भरायच्या तोंडाला, गन लावली आणि हात दुखेपर्यंत मारलं. ग्रीस बाहेर येईना, म्हणून अजून मारलं.

मग चाक फिरवलं तर फिरेचना! म्हणजे त्या बाजूला होतं तिथेच, उलट फिरायचं नावच नाही. रॉड बाहेर असताना आत ग्रीस ठासून भरलं, आता रॉड आत यायचा तर ग्रीसला जायला जागा नाही आणि ग्रीस काय दाबलं जात नाही. बाटलीला बूच मारून वरून दट्ट्या दाबल्यासारखं. इंजिन कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हे चक्क इशारा म्हणून छापलेलं असतं की रॉड पूर्ण आत घेऊनच ग्रीस भरा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. मी ते वाचलं कधी? त्याच संध्याकाळी. बोट गोल गोल फिरायला लागली, तेच रिंगण, सासऱ्यांना वाटलं मी मुद्दाम पक्षी सगळीकडून दाखवतोय, "वा जावईबापू" म्हणाले. तिसऱ्या फेरीला तळ चिखलाला लागला. पुढचं पाणी चढेपर्यंत आम्ही तिथेच, उन्हात, चिवड्याच्या एका पिशवीवर. सासूबाईंनी चिवडा मोजून दिला, मला सगळ्यात शेवटी. आजही त्या घरात "ग्रीस" हा शब्द काढला की माझ्याकडे बघतात.

(खाडीचं निघालंच आहे तर, 2015 ला ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आनंद आहे, पण आम्ही बोट लावतो तिथे गोड्या पाण्याचा एक नळ अजून नाही, आणि खारं पाणी धुतलं नाही तर स्टिअरिंग कसं हलकं राहील? असो, हे वेगळं भाषण आहे.)

त्यानंतर मी बोट एका मेकॅनिककडे नेली, नाव घेत नाही, त्याने केबल बदलली. तीन आठवडे लोणी! मग परत जड. परत गेलो, परत नवी केबल. दुसऱ्यांदा मी स्वतः शेजारी उभा राहिलो तेव्हा दिसलं की नवा चकचकीत रॉड तो त्याच जुन्या नळीत ढकलतोय. नळीत हाताचं बोट घातलं तर आत जुनं ग्रीस मीठ खाऊन वाळलेल्या मेणासारखं झालेलं, खाली गंज. रॉड 5/8 इंचाचा, नळी त्याच्यापेक्षा केसभर मोठी, तिथे कसपट सुद्धा मावत नाही आणि ह्यात गंजाचा थर. मी म्हटलं नळी साफ करा, तर म्हणाला "त्याचं वेगळं बिल होईल". दोन केबलचं बिल झालं त्याचं काही नाही.

काय? दहा मिनिटं? अहो आत्ताच तर मुद्द्यावर आलो. बरं, पटापट.

इंजिन बंद, बोट जेट्टीला. आधी बघा की चाक उभ्या बोटीत जड आहे की फक्त चालताना एकीकडे ओढतंय. चालतानाच ओढत असेल तर तो जाम नाहीये, पंख्याच्या वर ट्रिम टॅबची छोटी पट्टी असते, बोट उजवीकडे ओढत असेल तर तिचं मागचं टोक थोडंसं उजवीकडे, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे, बास.

उभ्या बोटीत जड असेल तर लिंक सोडा. रॉड आणि इंजिन जोडणारी जी दांडी आहे ती. इंजिन हाताने वळवा. हाताने पण जड? मग दोष खांबात, तिथले निप्पल साफ करून ग्रीस द्या, बुश, म्हणजे खांबाभोवतीच्या कड्या, गेले असतील तर बदला, केबलला हात लावू नका. इंजिन मोकळं फिरतंय आणि चाक अजून जड? मग नळीच्या टोकाचा मोठा नट सोडून केबल नळीतून बाहेर काढा, जाम असेल तर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, हातोडा आधी नको. आता चाक हलकं झालं तर गुन्हेगार नळी. गोल ब्रशने आरपार घासा, पुसा, पुन्हा घासा, रॉड बोटाने ढकलला तरी सरकला पाहिजे, मग मरीन ग्रीस, गाडीचं नाही. अजूनही जड? केबल हेल्मपासून सोडा. चाक एकटं हलकं फिरलं तर केबल गेली, आवरण फाटलंय का, कुठे 8 इंच त्रिज्येपेक्षा तंग वळण दिलंय का बघा आणि नवीन टाका. आवरणाला भोक पाडून तेल सोडणारे महाभाग आहेत इथे, मी बघितलंय, त्या भोकातून तेलाच्या मागून पाणी पण जातं. चाक एकटंच जड असेल तर हेल्म.

परत जोडताना लिंकचे सेल्फ लॉकिंग नट नवे घ्या, जुने वापरू नका, ते सुटले तर खाडीच्या मधोमध स्टिअरिंग अगदी हलकं होतं. (हशा) आणि बोट उभी असली तरी आठवड्यातून एकदा चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पावसाळ्यात सुद्धा.

हायड्रॉलिकवाले, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर स्टिअरिंग चालणारे, राहिले. तुमची पण पहिली पायरी तीच, इंजिन वळवणारा सिलिंडर इंजिनपासून सोडा आणि इंजिन हाताने वळवा. चाक जड नसून मऊ लागत असेल, फिरवल्यावर इंजिन उशिरा ऐकत असेल, तर पाइपात हवा आहे, तेल भरून हवा काढा.

हो हो, बसतो. फक्त एक, मागच्या वर्षी ह्याच हॉलमध्ये प्रात्यक्षिकाला मी नळीच्या नटाचा मोठा पाना आणला होता, तो कोणीतरी घेऊन गेलंय. ज्याच्याकडे असेल त्याची नळी साफ झाली असेल तर आणून द्या, मला माझी करायचीय.