अँटवर्पच्या चाकावरचा हिरा

नमस्कार श्रोतेहो.

बेल्जियममधल्या अँटवर्प शहराच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकातून बाहेर पडलं, की पेलिकानस्ट्राट नावाचा रस्ता लागतो. स्थानकाला लागून ओळीनं दागिन्यांची दुकानं आणि झगमगणाऱ्या काचा. युरोपची सहल करून आलेल्या बऱ्याच मंडळींना अँटवर्पचे हिरे म्हणजे हाच रस्ता वाटतो. पण मोठा धंदा होतो तो पलीकडे, होव्हेनियर्सस्ट्राट या गल्लीत. तिथे गाड्यांना मज्जाव आहे, जागोजागी कॅमेरे आहेत, आणि इमारती बघाल तर निव्वळ कचेऱ्यांच्या. दर्शनी थाट जवळजवळ नाहीच.

अँटवर्पच्या मातीत हिरा कधीच सापडला नाही. शहराचं नाव झालं ते पारख आणि पैलू या दोन गोष्टींवर. आणि पारखीबद्दलचा धाक तिथे फार जुना आहे. १४४७ सालीच नगराच्या कारभाऱ्यांनी फर्मान काढलं होतं: खोटा हिरा, माणिक, पाचू किंवा नीलम कोणी विकायचा नाही, विकत घ्यायचा नाही, गहाणही ठेवायचा नाही, ठेवला तर दंड.

त्या काळी युरोपात येणारा हिरा बहुतेक करून भारतातलाच असायचा. सोळाव्या शतकात दख्खनच्या खाणींमधला माल गोव्याला यायचा, तिथून पोर्तुगीज जहाजांतून लिस्बनला आणि लिस्बनहून अँटवर्पला. अँटवर्पमध्ये पोर्तुगीजांची वखारच होती. याक द कूत्र नावाचा फ्लेमिश जवाहिर, मूळचा ब्रूजचा, गोव्यात राहून वर्षानुवर्षं रत्नांचा व्यापार करत होता आणि खरेदीसाठी थेट खाणींपर्यंत जात होता. १६२३ मध्ये पोर्तुगीजांनी त्याला परत लिस्बनला धाडलं.

अँटवर्पच्या हिरे घासणाऱ्यांचा स्वतंत्र संघ १५८२ मध्ये उभा राहिला, पण तीनच वर्षांत स्पेनच्या फौजेनं शहर घेतलं. शेल्ट नदीचं तोंड डचांनी अडवलं आणि व्यापारी, कारागीर मोठ्या संख्येनं अ‍ॅमस्टरडॅमला गेले. पुढची दोन-अडीच शतकं चांगला कच्चा माल अ‍ॅमस्टरडॅमच उचलत राहिलं. आपला कोहिनूर १८५२ मध्ये लंडनला पुन्हा घासला, तो अ‍ॅमस्टरडॅमहून नेलेल्या कारागिरांनी. १८६ कॅरेटचा (कॅरेट हे इथे वजनाचं माप) हिरा साडेएकशेपाच कॅरेटच्या आसपास आला. अँटवर्पच्या वाट्याला उरलासुरला, बारीक माल यायचा. त्यावरच तिथल्या कारागिरांचा हात बसला, आणि दक्षिण आफ्रिकेत १८६० नंतर हिरे सापडून मालाची रीघ लागली तेव्हा हा बसलेला हात कामी आला. शहराबाहेरच्या केंपेन भागात तर घरोघरी घासणीची चाकं फिरू लागली.

आता त्या चाकाकडे वळू. खरी गंमत तिथे आहे.

हिरा हिऱ्यानंच कापला जातो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण सारख्याच कडकपणाच्या दोन वस्तू एकमेकींना कापतील कशा? उत्तर हिऱ्याच्या रवाळीत, म्हणजे स्फटिकाच्या आतल्या रचनेत आहे. हिरा सगळ्या दिशांनी सारखा कडक नसतो. एका पैलूवर काही दिशा जरा मऊ असतात, काही अतिशय कडक. चाकावर हिऱ्याची जी भुकटी असते, तिचे कण अस्ताव्यस्त पडलेले असतात, त्यामुळे त्यांतल्या काहींची कडक बाजू वर असतेच. कारागिरानं आपल्या खड्याची मऊ दिशा चाकाकडे केली, की ते कण काम करतात.

चाक म्हणजे ओतीव लोखंडाची, साधारण एक फूट व्यासाची सपाट चकती. तिला तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी चोळायची आणि मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांनी ती फिरवायची. खडा पकडीत घट्ट बसवून वरून टेकवायचा. समजा, माथ्यावरचा सर्वांत मोठा सपाट पैलू, ज्याला बाजारात टेबल म्हणतात, तो घासायचा आहे. अष्टफलकी कच्चा हिरा मधून कापला असेल, तर या पैलूवर चार दिशा मऊ मिळतात. त्यांच्यापासून ४५ अंश वळलात, की चाक नुसतं फिरत राहतं आणि खडा घासलाच जात नाही. नवशिक्या अशा वेळी हातानं दाब वाढवतो. मग खडा तापतो, पैलूवर पांढरट धुरकट डाग येतो आणि चाकावर चर पडतो. जाणता माणूस दाब न वाढवता पकड किंचित फिरवतो, कानानं आवाज ऐकतो आणि काही सेकंदांनी खडा उचलून भिंगाखाली धरतो.

चाकावर येण्यापूर्वी खड्याला बरंच काही सोसावं लागतं. आधी तो वाचायचा: आत डाग कुठे, भेग कुठे, रवाळी कुठल्या अंगाची. अपारदर्शक सालीचा खडा असेल, तर एका बाजूला छोटी खिडकी घासून आत डोकावतात. मग शाईनं रेघ मारायची. पूर्वी काही खडे रवाळीच्या दिशेनं फोडले जायचे. दुसऱ्या हिऱ्यानं बारीक खाच पाडायची, तिच्यात बोथट पातं ठेवायचं आणि वर एकच घाव. खाच चुकली तर खड्याचे तुकडे, आणि ते सांधायची सोय नाही. बाकीचे खडे कागदाइतक्या पातळ, फॉस्फर-ब्राँझच्या चकतीनं कापायचे, त्याला तासन्‌तास लागायचे. आत वेगळ्या रवाळीची गाठ असली, की चकती तिथे अडायची किंवा वाकडी जायची. आज आतला नकाशा संगणकाचं स्कॅनिंग देतं आणि लेसर कापतो. मग खडा गोल करायचा. एक हिरा फिरवत ठेवून त्यावर दुसरा टेकवायचा. इथे घाई केली, तर कंबरेला, म्हणजे गर्डलला, केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या आत शिरल्या, की वजन घालवून काढण्याशिवाय इलाज नसतो.

गोल ब्रिलियंटला, म्हणजे अंगठीत नेहमी दिसणाऱ्या गोल घाटाच्या हिऱ्याला, पैलू ५७. खालचं टोक घासून सपाट केलं, तर ५८. आधी टेबल, वरचे आठ आणि खालचे आठ असे मुख्य १७ पैलू पाडतात, उरलेले ४० नंतर. हे सगळं होईपर्यंत कच्च्या खड्याचं निम्मं किंवा त्याहूनही अधिक वजन भुकटी होऊन गेलेलं असतं.

या पैलूंचे कोन किती असावेत, याचं गणित मांडलं अँटवर्पमध्येच जन्मलेल्या मार्सेल टोलकोव्स्की यांनी. हिरेवाल्यांच्या घराण्यातले आणि शिक्षणानं अभियंते असलेले टोलकोव्स्की १९१९ मध्ये ते प्रसिद्ध करताना विशीच्या आतच होते. त्यांचे आकडे असे: टेबलाची रुंदी व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या भागाचा कोन साडेचौतीस अंश, खालच्या भागाचा पावणेएकेचाळीस. खालचा कोन फार उथळ झाला, तर वरून पाहताना टेबलाच्या आत कंबरेचं पांढुरकं कडं दिसतं. माशाच्या डोळ्याचा हिरा म्हणतात तो हाच. फार खोल झाला, तर मधोमध काळं पडतं. दोन्हीकडे कारण एकच, आत गेलेला प्रकाश वरून परत न येता तळातून निसटतो. आज टेबल थोडं मोठं, ५८ टक्क्यांपर्यंतही चालवून घेतात, पण खालच्या कोनाला फारशी सूट नाही.

मग वाईट कोनांचे हिरे बाजारात येतात तरी कशाला? वजनासाठी. सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग. ९५ सेंटच्या आणि पूर्ण एक कॅरेटच्या खड्यात दर कॅरेटचा भावच बदलतो, म्हणून कारागिराला सांगितलं जातं, कंबर जाड ठेव, तळ खोल ठेव, पण काटा शंभरावर आण. नीट घासलेल्या एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे साडेसहा मिलिमीटर भरतो. तोच ६.१ भरला, तर पैसे एक कॅरेटचे गेले आणि बोटात दिसतो ८०-८५ सेंटचा. माझ्या मते, दुकानात रंग आणि शुद्धतेवर अर्धा तास घालवणाऱ्या ग्राहकानं त्यातली पाच मिनिटं व्यासाला द्यावीत.

होव्हेनियर्सस्ट्राटच्या आसपास चार हिरेबाजार आहेत. पहिला १८९३ चा, शेवटचा १९२९ चा, आणि तो शेवटचा फक्त कच्च्या मालासाठी. आत लांब टेबलं, तराजू आणि उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, कारण युरोपात उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि रंग फसवत नाही. माल घड्या घातलेल्या कागदाच्या पुडीत. घेणारा भाव सांगतो, पुडी लिफाफ्यात घालून मोहोरबंद होते, वर भाव लिहिला जातो. विकणाऱ्याचं उत्तर येईपर्यंत ती पुडी तिसऱ्याला दाखवायची नाही. सौदा ठरला, की हिब्रूतले दोन शब्द, ‘मझल उब्राखा’, म्हणजे ‘भाग्य आणि आशीर्वाद’, आणि हस्तांदोलन. माणूस यहुदी असो की पालनपुरी जैन. शब्द फिरवणाऱ्याचं सदस्यत्व जातं आणि ती बातमी जगभरच्या हिरेबाजारांत लागते. या बाजारांचा जागतिक महासंघ १९४७ मध्ये स्थापन झाला, त्याचं मुख्यालय अँटवर्पच. शहरात येणारी-जाणारी पुडी हिरे कचेरीत उघडून, वजन करून, बिलाशी ताडून पाहतात. कच्च्या मालाला २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्र, म्हणजे त्यातून बंडखोरांच्या लढाईला पैसा जात नाही याची हमी, लागतं.

दुसऱ्या महायुद्धात या गल्लीतल्या यहुद्यांवर जे ओढवलं, ते इथे दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की ब्रिटनला पोचलेले पुष्कळ हिरे नोंद करून जपून ठेवले गेले आणि युद्धानंतर मालकांना परत मिळाले, आणि त्यावर बाजार पुन्हा उभा राहिला. पुढे भारतीय व्यापारी आले, बारीक माल घासायला सुरतेला जाऊ लागला. आज केंपेनमधली चाकं जवळपास थांबली आहेत. घासणी सुरतेत, सौदे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये आणि अँटवर्पमध्ये. शहरात उरले आहेत ते मोठे, अवघड खडे घासणारे मोजके हात.

दागिने पाहायचे असतील, तर आधी सूकररुई रस्त्यावरचं दीवा संग्रहालय गाठा. २०१८ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात हिऱ्यांबरोबर चांदीकामही आहे. आधुनिक घडणीत वाउटर्स अँड हेंड्रिक्स हे दोन मैत्रिणींनी १९८४ मध्ये सुरू केलेलं घर पाहण्यासारखं. तिथे खड्यापेक्षा कल्पनेला मान आहे. पारंपरिक जवाहिरांसाठी शहरानं ‘अँटवर्प्स मोस्ट ब्रिलियंट’ असं मानचिन्ह ठेवलं आहे. दारावर ते आहे का, पाहावं. स्थानकाजवळच्या काचेत ‘५० टक्के सूट’ दिसली, तर मूळ भाव कुणी ठरवला, एवढं विचारावं.

खरेदी करायचीच असेल, तर खडा शक्यतो सुटा पाहा. कोंदणात बसला, की कडेची भेग धातूखाली लपते आणि पिवळ्या सोन्यात रंगही नीट कळत नाही. दहापट भिंगातून गर्डलवरचा लेसरनं कोरलेला क्रमांक वाचा, तो खडा तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालावरच्या क्रमांकाशी जुळवा, मग तोच क्रमांक तिच्या संकेतस्थळावर टाकून वजन आणि व्यास पडताळा. आपल्याकडच्या दुकानांत आयजीआय या ज्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सर्रास मिळतं, तिची स्थापनाही १९७५ मध्ये अँटवर्पलाच झाली. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा भिंगातून ओळखू येत नाही, आणि खिशातलं उष्णतेवर चालणारं परीक्षक यंत्र त्यालाही खरा म्हणतं, कारण तो हिराच असतो. म्हणून बिलावर ‘नैसर्गिक’ हा शब्द, अहवालाचा क्रमांक, वजन आणि सोन्याचा कस लिहून घ्या. कस बहुधा ७५० असेल, म्हणजे १८ कॅरेट. आपल्या २२ कॅरेटची सवय असलेल्यांना तो कमी वाटतो, पण खडा धरून ठेवणाऱ्या नख्या २२ कॅरेटच्या असल्या तर मऊ पडतात आणि खडा सुटतो. करपरताव्याचा अर्ज दुकानातच भरून घ्या, आणि युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर सामान आत देण्यापूर्वी त्यावर सीमाशुल्काची नोंद करून घ्या. दागिना चेक-इन बॅगेत गेला, तर तो दाखवता येत नाही आणि परतावा बुडतो. मुंबईत उतरल्यावर हेच बिल काढून सीमाशुल्काच्या लाल मार्गानं, म्हणजे दागिना जाहीर करून, बाहेर पडायचं.

नमस्कार.