भाडेकरू झाडांचं घर

[दृश्य: व्हिएन्ना. रंगीत दर्शनी भिंत, वाकड्या ओळीतल्या खिडक्या, त्यांतून बाहेर आलेल्या फांद्या.]

हे हुंडर्टवासरहाउस. ही इमारत हॉटेल नाही, संग्रहालयही नाही. व्हिएन्ना शहरानं भाड्यानं देण्यासाठी बांधलेली ही साधी घरं आहेत, पन्नासएक बिऱ्हाडांची. १९८३ ते १९८५ या काळात ती उभी राहिली. कल्पना चित्रकार फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर यांची, वास्तुरचनेत योझेफ क्राविना आणि पेटर पेलिकान यांचा हात. पर्यटक रंगांचे फोटो काढतात. खरं काम मात्र छपरावर आहे: सुमारे ९०० टन माती आणि अडीचशेहून जास्त झाडंझुडपं.

हुंडर्टवासर यांचं म्हणणं सरळ होतं. इमारतीनं जमीन घेतली, तर तेवढी जमीन छपरावर परत करा. १९७३ साली मिलानमध्ये त्यांनी एका इमारतीच्या खिडक्यांतून झाडं लावून दाखवली आणि त्यांना ‘भाडेकरू झाडं’ म्हटलं. झाड भाडं भरतं ते सावलीत, धूळ अडवण्यात, आवाज कमी करण्यात. माणसांनाही एक हक्क होता: खिडकीतून हात आणि ब्रश पोहोचेल तेवढी बाहेरची भिंत हवी तशी रंगवण्याचा.

कल्पना छान आहे. पण झाड म्हणजे वजन, पाणी आणि मुळं. या तिघांची सोय झाली नाही, तर दोन पावसाळ्यांत खालच्या घरात पातेली मांडावी लागतात.

[दृश्य: हिरव्या छपराचा उभा छेद, एकेक थर.]

स्लॅबवर आधी उतार: मीटरला निदान १ सेंटीमीटर, पाणी जाण्याच्या तोंडाकडे. त्यावर वॉटरप्रूफिंग. ते कठड्यावर, मातीच्या पातळीपेक्षा १५ सेंटीमीटर तरी वर चढवायचं. इथे हात आखडता घेतला की पाणी कडेनं आत शिरतं आणि ओल भलत्याच खोलीत उमटते. मग तोंडं बंद करून छप्पर पाण्यानं भरायचं आणि ४८ तास तसंच ठेवायचं. ही चाचणी बहुतेक ठिकाणी घाईत उरकली जाते. माती पडल्यावर गळती सापडली, तर सगळी माती उपसण्यावाचून गत्यंतर नसतं.

पुढचा थर मुळं अडवणारा. साधं डांबरी वॉटरप्रूफिंग मुळांना थोपवू शकत नाही. म्हणून वर एचडीपीईची, म्हणजे टणक प्लास्टिकची, जाड शीट, सांधे गरम करून एकजीव केलेले. नुसते एकावर एक चढवलेले सांधे मुळं शोधून काढतातच. त्यावर खळग्यांची निचरा शीट, २० ते २५ मिलिमीटर उंचीची, आणि तिच्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड. त्यामुळे माती खाली उतरत नाही. पाण्याच्या प्रत्येक तोंडावर झाकण उघडता येईल अशी चौकोनी पेटी हवी. बहुतेक हिरवी छपरं बिघडतात ती इथेच, पालापाचोळा आणि बारीक मुळं तुंबून.

शेवटी माती. गवताला १५ सेंटीमीटर पुरते, झुडपांना ३० ते ४५, लहान झाडाला ६० ते १००.

आता वजन. बागेतली ओली माती घनमीटरला १,८०० ते २,००० किलो भरते. म्हणजे १० सेंटीमीटरचा थर चौरस मीटरवर जवळपास २०० किलो. भारतीय मानकात वावर असलेल्या गच्चीसाठी वापराचा भार धरतात चौरस मीटरला साधारण १५० किलो. मुंबई-पुण्यातल्या जुन्या सोसायटीच्या गच्चीवर थेट माती पसरणं म्हणूनच धोक्याचं. हिशेब करताना लोक कोरडी माती धरतात. धरायला हवी जुलैतली. इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्यायचा, जड वाफे कॉलम आणि बीमच्या वर ठेवायचे, आणि मातीऐवजी विटांचा चुरा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं गांडूळखत असं हलकं मिश्रण वापरायचं. खत जास्त झालं तर ते कुजून थर बसतो आणि बारीक गाळ कापडाची छिद्रं बुजवतो.

पिंपळ, वड, उंबर गच्चीवर लावूच नयेत. ते पक्ष्यांच्या कृपेनं कोब्याच्या भेगेत आपसूक येतात तेवढे पुरेत.

[दृश्य: व्हिएन्नातलंच श्पिटेलाउ, सोनेरी गोळा असलेलं धुराडं.]

हेही हुंडर्टवासर यांचंच: १२६ मीटर उंच धुराड्याचा कचरा जाळण्याचा प्रकल्प. १९८७ च्या आगीनंतर त्यांनी त्याला नवं रूप दिलं. धूर शुद्ध करतात ती आतली गाळण-यंत्रं, घरं तापवते ती भट्टीची उष्णता; बाहेरचे रंग यातलं काहीच करत नाहीत. टीकाकारांनी याला रंगरंगोटी म्हटलं, आणि त्यात तथ्य आहे.

[दृश्य: कावाकावा, न्यूझीलंड.]

त्यापेक्षा त्यांचंच १९९९ चं हे सार्वजनिक शौचालय जास्त प्रामाणिक वाटतं. पाडलेल्या बँकेच्या विटा, भिंतीत रिकाम्या बाटल्या, छपरावर हिरवळ, आणि एक जिवंत झाड बांधकामातच सामावून घेतलेलं. जमिनीतल्या झाडाचा भार स्लॅबवर येत नाही. मात्र अशा ठिकाणी छप्पर खोडाला घट्ट भिडवायचं नसतं. खोड जाडावतं, वाऱ्यात हलतं. भोवती मोकळी फट ठेवून ती लवचिक पट्टीनं झाकतात आणि खोड वाढेल तशी पट्टी सैल करतात.